‘लाइफटाइम’ विंडोज सहा महिन्यांत संपलं, आणि कॉम्प्युटर परक्याच्या ताब्यात

वेंगुर्ला, कुडाळ, सावंतवाडी भागात कारखाना, पतसंस्था किंवा हॉटेल चालवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. मी एका काजू कारखान्यात हिशेब बघतो. आम्हाला ज्या कॉम्प्युटरवाल्याने गंडवलं त्याचं नाव लिहीत नाही, तक्रार पोलिसांत आहे. पण त्याची पद्धत सांगतो, कारण माणूस दुसरा येईल, पद्धत हीच असेल.

तो आला २०२५च्या चतुर्थीच्या आधी. बोलणं असं की समोरच्याला खोट काढायला जागा नाही, कारण सुरुवातीचं सगळं खरंच होतं. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार होता. आमच्या जुन्या मशीनवर विंडोज ११ बसणार नव्हतं. काट्यावर, गोदामात, बिलिंगला आणि ऑफिसात मिळून डझनभर कॉम्प्युटर, आणि पावसात कुडाळहून माणूस यायचा म्हणजे दिवस गेला. त्यावर त्याचा तोडगा असा, की काही नवे लॅपटॉप, सगळ्यांवर ‘ओरिजिनल लाइफटाइम’ विंडोज आणि ऑफिस, शिवाय एक सॉफ्टवेअर, ज्यातून तो आपल्या दुकानात बसून आमची सगळी मशीन सांभाळणार. मालकांना पटलं. कुणालाही पटलं असतं.

असली सॉफ्टवेअर वाईट नसतात. प्रत्येक कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्रॅम बसतो, त्याला एजंट म्हणतात. तो स्वतःच इंटरनेटवरून कन्सोलला, म्हणजे सगळी मशीन एका जागेवरून चालवायच्या पडद्याला, जोडला जातो, त्यामुळे राउटरमध्ये काही उघडावं लागत नाही. कन्सोलवर बसलेला माणूस एका क्लिकमध्ये सगळीकडे प्रोग्रॅम टाकतो, अपडेट लावतो, मशीन रीस्टार्ट करतो. समोर कुणी बसलेलं नसलं तरी चालतं, कारण एजंट सगळे अधिकार घेऊन मागे चालू असतो. मोठ्या कंपन्या हेच वापरतात. आणि नेमकी हीच यातली जोखीमही आहे. २ जुलै २०२१ला कासेया नावाच्या कंपनीच्या अशाच सॉफ्टवेअरमधून खंडणीखोर घुसले, तेव्हा स्वीडनमधल्या कूप या दुकानसाखळीची शेकडो दुकानं बंद ठेवावी लागली, कारण गल्ल्यावरची मशीनच चालेनात. कन्सोल ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळं.

शिमगा आला. बी खरेदीचा हंगाम नुकता सुरू झालेला, दारात टेम्पोंची रांग. एका सकाळी स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ अशी फिकट अक्षरं उमटली, एक्सेलच्या डोक्यावर लाल पट्टा. आधी काट्यावर, दुपारपर्यंत बहुतेक ठिकाणी. मालक ओरडले, “सगळ्यांवर एकदम ह्यां काय इलां रे? त्याका फोन लाव आधी!”

फोनवर तो अगदी शांत. “सर्व्हर रिन्यूअल आलंय. मशीनमागे एवढे भरा, तासात करून देतो.” लाइफटाइमचं काय, विचारलं तर म्हणे लाइफटाइम सपोर्ट, लायसन्स वेगळं. बिल काढून पाहिलं. त्यावर लायसन्सचं नावच नव्हतं, ‘इन्स्टॉलेशन व सर्व्हिस’ एवढंच.

शिमग्याला आलेली मालकांची पुतणी पुण्यात सिस्टीम ॲडमिन आहे. तिने काट्यावरच्या मशीनवर विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबून इंग्रजी अक्षरांत ‘एसएलएमजीआर /डीएलव्ही’ टाइप केलं. खिडकी उघडली, त्यात ‘व्होल्यूम केएमएस क्लायंट’. “काका, हे तुमचं नाहीच,” ती म्हणाली. केएमएस ही मोठ्या ऑफिसांची सोय. कॉम्प्युटर ऑफिसच्याच एका सर्व्हरकडून मान्यता घेतात, ती १८० दिवस टिकते आणि मध्ये मध्ये सर्व्हरशी बोलून वाढत राहते. त्या सर्व्हरला किमान २५ मशीन लागतात, त्याशिवाय तो विंडोजला मान्यताच देत नाही. आमच्याकडे तेवढी मशीनच नाहीत. त्याने दुकानात कुठल्या तरी बनावट सर्व्हरवरून सगळी एकदा चालू करून दिली होती. चतुर्थी ते शिमगा मोजून बघा. आमचा हंगाम कधी असतो हे त्याला ठाऊक नव्हतं, असं मला तरी वाटत नाही.

खरं तर तेवढ्याने काम अडलं नव्हतं. त्या अक्षरांनी बिलिंग थांबत नाही. पैसे देणार नाही असं मालकांनी कळवलं, त्यानंतर खरा प्रकार सुरू झाला. दुसऱ्या दिवशी लॉगिनचे पासवर्ड चालेनात. सगळ्या मशीनवर ॲडमिन तोच, पासवर्डही सगळीकडे एकच. राज्याबाहेर जाणाऱ्या पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, लागतं, आणि ते काढायला बिलिंगचं मशीन उघडेना. तयार काजूगराची गाडी संध्याकाळपर्यंत उभी. मी मोबाइलवरून कसंबसं बिल काढलं.

पुतणीने एक नवा लॅपटॉप पूर्ण पुसून विंडोज पुन्हा टाकलं. चालू होताच स्क्रीनवर त्याच्या दुकानाचं नाव, आणि त्यांच्याच ईमेलने लॉगिन करा असा हुकूम. ही मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट नावाच्या सोयीची करामत. लॅपटॉपची ओळख ज्याच्या खात्यात नोंदवली, फॉरमॅट केलं तरी तो त्याच खात्याकडे जातो. नोंद त्यानेच काढायची, नाहीतर खरेदीचं बिल घेऊन मायक्रोसॉफ्टच्या मागे लागायचं. कलमं आमची, पाणी आम्ही घालतो, पण सातबारा त्याच्या नावावर, असा हा कारभार.

मग तिने जे केलं ते सगळ्यांच्या उपयोगाचं आहे. आधी राउटर बंद, म्हणजे एजंटचं कन्सोलशी बोलणं तुटलं. मग मालकांच्या व्हॉट्सॲपवरचे त्याचे निरोप, कॉल, बिलं, स्क्रीनचे फोटो जपून ठेवले. हे काही पुसण्याआधी करायचं. टॅलीचा डेटा दर शनिवारी मी पेनड्राइव्हवर घेतो, तो कामी आला. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली येतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तक्रारीत कलमांसकट लिहिलं. खात्यातून पैसे गेले असते तर आधी १९३०ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करावा लागला असता.

तुमच्याकडे कुणी असं काम करून गेला असेल तर आजच तसंच विंडोजचं बटण आणि आर दाबून इंग्रजी अक्षरांत ‘एसएलएमजीआर /एक्सपीआर’ टाकून बघा. ‘पर्मनंटली ॲक्टिव्हेटेड’ आलं तर निदान मुदतीचं भय नाही. मुदतीची तारीख दिसली आणि तुमच्या ऑफिसात तसा सर्व्हर नसेल, तर तो माणूस पैसे मागायला पुन्हा येणार हे नक्की. आणि कन्सोलचं मुख्य खातं मालकाच्या ईमेलवर, ओटीपी मालकाच्या मोबाइलवर, असं झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. टेक्निशियनला त्याच्या कामापुरतं वेगळं लॉगिन द्यायचं, काम संपलं की तुम्हीच काढून टाकायचं. प्रामाणिक माणूस याला कधी नाही म्हणत नाही. आता आमचं काम करणारा कुडाळचा मुलगा तर म्हणाला, मला तेच बरं, उद्या काही झालं तर माझ्यावर यायला नको.

दोन लॅपटॉप अजून अडकलेले आहेत, मायक्रोसॉफ्टशी पत्रव्यवहार चालू आहे. तो माणूस सावंतवाडीतल्या एका पतसंस्थेत कोटेशन देऊन आल्याचं परवा कळलं. त्यात ‘लाइफटाइम’ हा शब्द नाही म्हणे, ‘क्लाउड मॅनेज्ड’ लिहिलंय.