एनकोडर मोटर घेताय? ए आणि बी वायर आधी तपासा

आमच्या भागातली अकरावी-बारावीची काही मुलं माझ्याकडे रोबोट बनवायला शिकतात. यंदा त्यांना चार चाकांचा, जागच्या जागी वळणारा रोबोट करायचा होता. त्याला साधी गिअर मोटर पुरत नाही. चाक खरोखर किती वेगाने आणि कुठल्या दिशेने फिरतंय हे कंट्रोलरला, म्हणजे रोबोट चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला, कळावं लागतं, म्हणजे मागे एनकोडर (फिरणं मोजणारं यंत्र) असलेलीच मोटर हवी. जेजीए२५-३७०, १२ व्होल्ट, ३४ला १ गिअर, म्हणजे मोटर ३४ वेळा फिरली की चाक एकदा फिरतं. नेहमीची, भरवशाची जात. सोशल मीडियावरच्या एका विक्रेत्याकडे ती बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त होती. 'नवीन, टेस्टेड, दोन चॅनल एनकोडर' असं जाहिरातीत स्वच्छ लिहिलेलं, सोबत मोटर चालतानाचा व्हिडिओ. मुलांनी पैसे जमवले, यूपीआयने भरले. बिल पार्सलमध्ये येईल असं सांगितलं होतं. ते आलंच नाही.

फसवणूक कशी झाली ते कळायला एनकोडरचं काम समजून घ्यायला हवं. मोटरच्या मागच्या टोकाला चुंबकाची छोटी चकती असते आणि तिच्याशेजारी चुंबक ओळखणारे दोन हॉल सेन्सर. हेच ए आणि बी चॅनल. मोटरच्या एका फेऱ्यात प्रत्येक सेन्सर ११ पल्स (विजेचे ठोके) देतो; ३४चा गिअर धरला की चाकाच्या एका फेऱ्यात ३७४. दोन्ही सेन्सर अशा अंतरावर बसवतात की त्यांचे पल्स एकमेकांच्या पाव आवर्तन मागेपुढे यावेत. ए आधी आला तर मोटर सुलटी फिरतेय, बी आधी आला तर उलटी. वेग एका चॅनलवरूनही मोजता येतो, पण दिशा कळायला दुसरा लागतोच.

रोबोट सरळ छान धावला. पीआयडीने, म्हणजे ठरवलेला वेग राखणाऱ्या कोडने, चारही चाकं एका वेगात धरली, उताराला लावलं तरी वेग हलेना. मुलं खूश. पण जागच्या जागी वळायची आज्ञा दिली की एका बाजूची दोन्ही चाकं पिसाटल्यासारखी पूर्ण वेगाने उलटी फिरायची आणि रोबोट भिंतीवर जाऊन आदळायचा. मग मुलांनी पीआयडीचे आकडे बदलले, केपी कमी केला, केआय शून्य केला, मोटर ड्रायव्हर (मोटरला वीज पुरवणारं सर्किट) बदलला, बॅटरी बदलली. पोरांच्या कित्येक संध्याकाळी यात गेल्या, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आहे. पैशाचं नुकसान भरून काढता येतं, पण सोळा वर्षांच्या मुलीला 'आपल्यालाच कोडिंग जमत नाही' असं वाटू लागतं तेव्हा काय करायचं?

त्याच मुलीने शेवटी ते पकडलं. चाक हाताने उलटं फिरवत ती सीरियल मॉनिटरकडे, म्हणजे स्क्रीनवर येणाऱ्या एनकोडरच्या आकड्यांकडे, बघत होती. आकडा कमी व्हायला हवा होता, तो वाढतच होता. म्हणजे चाक उलटं फिरत असताना कंट्रोलरला ते सुलटं फिरतंय असंच वाटत होतं. चूक सुधारायला तो उलट दिशेने आणखी जोर लावायचा, त्याने चूक आणखी मोठी दिसायची, आणि शेवटी पूर्ण ताकद.

मोटरमागची काळी टोपी काढली. एनकोडरच्या पट्टीवर हॉट ग्लूचा जाड थर होता. कारखान्यातून आलेल्या मोटरवर असा ग्लू मी कधी पाहिलेला नाही. तो हळूहळू उचकटला तर खाली दुसऱ्या सेन्सरचा आउटपुटचा पाय तोडलेला, आणि ए च्या पॅडवरून बी च्या पॅडवर केसासारखी बारीक तार डागलेली. म्हणजे बी वायरवरही ए चेच पल्स, त्यामुळे दिशा कळणारच नाही. चारही मोटरवर तेच. जुन्या, एक सेन्सर मेलेल्या मोटरी पुसून, नवीन स्टिकर लावून विकल्या होत्या. हा चुकून आलेला खराब माल नव्हे. ज्याने ती तार लावली त्याला एनकोडर पक्का समजत होता.

विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला, "तुमच्या ड्रायव्हरने सेन्सर उडवला असेल." तारेचं काय, असं विचारल्यावर म्हणाला, टोपी उघडलीत, आता परत घेता येणार नाही. त्यानंतर नंबर ब्लॉक.

मोटर हातात आली की चाक जोडण्याआधी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (टोकं थेट जोडलेली असली की बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवा आणि काहीही वीज न देता ए आणि बी वायरींना टोकं लावा. बीप वाजली तर माल परत करा. चांगल्या मोटरमध्ये या दोन वायरी एकमेकींना थेट जोडलेल्या नसतात. मग एनकोडरला ५ व्होल्ट द्या, टोपी काढून मागची चकती बोटाने अगदी सावकाश फिरवा आणि दोन्ही वायरींवरचा व्होल्टेज बघा. दोन्ही खाली, एक वर, दोन्ही वर, दुसरी वर अशा चारही अवस्था दिसायला हव्यात. आमच्या मोटरींत दोनच दिसत होत्या. गिअरही तपासायचा असेल तर चाक बसतं त्या शाफ्टवर (दांड्यावर) खूण करून तो दहा फेरे फिरवा. ए वर ३७४०च्या आसपास पल्स यायला हवेत. ऑनलाइन घेताना मोटर सुलटी-उलटी दोन्हीकडे फिरताना आणि स्क्रीनवरचा आकडा वाढताना-घटताना दिसेल असा व्हिडिओ मागा. आम्ही मोटरी पुन्हा घेतल्या त्या पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीतून, काउंटरवरच मीटर लावून. दुकानदाराने हरकत घेतली नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर आम्ही तक्रार नोंदवली आहे, अजून उत्तर आलेलं नाही. ई-कॉमर्सच्या २०२०च्या नियमांप्रमाणे जाहिरातीत सांगितल्यासारखा नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. त्यामुळे 'टोपी उघडली' या सबबीला घाबरू नका. तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही.

तीच जाहिरात आता दुसऱ्या नावाने दिसते आहे, व्हिडिओही तोच. त्यात मोटरचा वेग वाढतो, कमी होतो, पण ती उलटी एकदाही फिरत नाही. तुमच्याकडे ग्लू लावलेली अशी पट्टी आली असेल तर तो उचकटण्याआधी फोटो काढा, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि यूपीआयची पावती जपून ठेवा, आणि १९१५ वर तुमचीही तक्रार नोंदवा.