कीड काढतानाचा जांभळा दिवा : दीड वर्ष वापरल्यावर

दातातली कीड काढताना कुठे थांबायचं, हे ठरवणं सगळ्यात अवघड. कॉलेजात शिकलो ते हाताच्या अंदाजाने : मऊ लागलं की काढायचं, कडक लागलं की थांबायचं. पण माझं मऊ आणि दुसऱ्या डॉक्टरचं मऊ एकच असेल असं नाही. म्हणून फ्लुरोसन्सचा, म्हणजे ठरावीक उजेड पडला की गोष्टी स्वतः चमकतात त्यावर चालणारा, हा दिवा घेतला. आज तो हाताशी नसला की मला चुकल्यासारखं होतं.

४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा उजेड दातावर पाडायचा आणि फिल्टरच्या पिवळ्या चष्म्यातून बघायचं. निरोगी दात हिरवट चमकतो. किडीतल्या जंतूंनी तयार केलेली पॉर्फिरिन्स नावाची द्रव्यं लाल-नारिंगी दिसतात.

परवा एका चौदा वर्षांच्या मुलीची खालची दाढ करत होते. माझ्या मते खड्डा साफ झाला होता. दिवा लावला, तर इनॅमलच्या (दाताच्या बाहेरच्या कडक थराच्या) कडेखाली, डेंटिनला (त्याच्या आतल्या थराला) लागून, नखाएवढीही नाही अशी लाल रेघ. साध्या उजेडात तिथे काहीच दिसत नव्हतं. स्पून एक्स्कॅव्हेटरने, म्हणजे चमच्यासारख्या छोट्या हत्याराने, हलकेच खरवडलं, ओल्या भुशासारखं निघालं. आणि तळाशी जो तपकिरी डाग होता, जो पूर्वी मी बर (ड्रिलचं टोक) लावून नक्की उडवला असता, तो लाल नव्हता, टोचून पाहिला तर कडक. ठेवला तसाच. तेवढा दात वाचला. तिला आरशात दाखवलं तर म्हणाली, "डॉक्टर, म्हणजे लाल ते सगळं गेलं ना?"

हाच प्रश्न धोक्याचा आहे. सुरुवातीला मीही एका खोल दाढेत शेवटचा गुलाबीपणा जाईपर्यंत खरवडत राहिले आणि नस उघडी पडली. तो दिवस मी विसरलेले नाही. कडा पूर्ण साफ हव्यात, पण नसेच्या जवळ थोडं मऊ डेंटिन मुद्दाम राहू द्यायचं आणि वरून घट्ट सील करायचं. तिथे रंगाच्या मागे लागायचं नाही. हे दिवा सांगत नाही.

प्लाक (दातावरचा चिकट थर) आणि टार्टर (तोच थर कडक झालेला) हेही लाल चमकतात, म्हणून दात आधी घासून घ्या. रक्त आलं की काही कळत नाही, रबर डॅम (दाताभोवती लावायचा रबराचा पडदा) लावलेला बरा. वरचा मोठा लाइट बाजूला करावा लागतो, हे थोडं कंटाळवाणं आहे. बॉन्डिंग (फिलिंग दाताला चिकटवणारं द्रव) लावल्यावर मात्र मी दिवा बंदच ठेवते, त्या उजेडात त्यातलं रेझिन घट्ट होऊ लागतं. दोन दातांच्या फटीतल्या लपलेल्या किडीसाठी एक्स-रे लागतोच.

जुनं फिलिंग काढताना दिव्याचा आणखी एक उपयोग कळला. बरीचशी कंपोझिट (दाताच्या रंगाची फिलिंग) या उजेडात दातापेक्षा वेगळी चमकतात, त्यामुळे मूळ दाताला धक्का न लावता नेमकं फिलिंगच काढता येतं. त्यासाठी मी तो घेतला नव्हता, पण हल्ली दिवसातून दोनदा तरी याच कामाला तो बाहेर निघतो.