ट्रॉली स्पीकर: जांबोटी भागातल्या एका उन्हाळ्यानंतर

गुढीपाडव्याच्या आधी आमच्या मंडळानं पंधरा इंची वूफरचा, चाकं आणि बॅटरी असलेला ट्रॉली स्पीकर घेतला. बेळगावात साडेअकरा हजारांना पडला. सोबत दोन बिनतारी माईक, रिमोट आणि कुणीच न वाचलेलं माहितीपत्रक. आता मृग लागलाय, स्पीकर समाजमंदिराच्या माळ्यावर गेलाय, म्हणून सवडीनं लिहितोय.

आधी आमच्याकडचा उन्हाळा सांगायला पाहिजे, नाहीतर हा डबा घेतलाच कशाला ते कळणार नाही. जांबोटीपासून कणकुंबीपर्यंतचा हा बेळगावजवळचा घाटमाथा. मलप्रभा कणकुंबीलाच उगम पावते. पाऊस एकदा बसला की चार महिने उघड्यावर काही करता येत नाही. त्यामुळे सगळं चैत्र-वैशाखात कोंबायचं: हनुमान जयंती, ज्ञानेश्वरी पारायण, शिवजयंती, क्रिकेट, हळदी, शाळेच्या पोरांचं शिबिर. गोव्यात नाहीतर पुण्यात कामाला असलेली पोरं याच दिवसांत गावी. गोव्याकडं उतरणाऱ्या चोर्ला घाटाच्या रस्त्याला शनिवार-रविवार गाड्यांची रीघ. खाली बेळगावात अंगाची काहिली होत असते, तेव्हा इथं संध्याकाळी माळावर बसायला बरं वाटतं. फक्त चार वाजता ढग भरून येतात, वळीव कोसळतो आणि वीज जाते. ती कधी येईल, देव जाणे. म्हणून बॅटरीवाला.

खोक्यावर मोठ्या अक्षरात हजारो वॉट लिहिलेले असतात. तो आकडा ‘पीएमपीओ’चा, म्हणजे क्षणभराच्या कल्पित जोराचा. बघायचा असतो तो ‘आरएमएस’, म्हणजे सतत टिकणारा खरा जोर, आणि तो आमच्या डब्यावर मागं, चार्जिंगच्या भोकाजवळ, मुंगीच्या अक्षरात साठ होता. त्यातही वॉट दुप्पट केले तर आवाज ३ डेसिबलनंच वाढतो आणि ऐकणारा दुप्पट लांब गेला की उघड्यावर साधारण ६ डेसिबल उतरतो. म्हणजे मागच्या माणसाला ऐकू जायला वॉटपेक्षा स्पीकर कुठं ठेवलाय ते महत्त्वाचं. जमिनीवर ठेवला की पुढच्या दोन रांगांचे कान फुटतात आणि मागं नुसती गुणगुण. टेबलावर, माणसांच्या डोक्याच्या वर चढवला की त्याच आवाजात शेवटची सतरंजीही खूश. पोरांना हे पटवायला पारायणाचा सप्ताह गेला.

पारायणातच या मशीनची खरी परीक्षा झाली. गाणी कुठलाही डबा वाजवतो, माणसाचा शब्द नीट ऐकवणं अवघड. आमच्याकडच्या बायका स्पष्ट बोलतात. पहिल्याच संध्याकाळी कीर्तन रंगात असताना मागून आवाज आला, “बुवा, तुमचा हात हलतोय तेवढाच दिसतोय बघा, ऐकू काय येईना.” बास म्हणजे जाड आवाज कमी केला, ट्रेबल म्हणजे बारीक आवाज थोडा वाढवला, ‘इको’चं बटण पूर्ण शून्यावर आणलं, मग शब्द सुटे झाले. दुकानदार इको चढवून दाखवतो कारण दुकानात भारी वाटतं. ओवीला त्याचा काही उपयोग नाही.

माईक हा या संचाचा सगळ्यात कच्चा भाग. अँटेना त्याच्या शेपटाला असते आणि आपली माणसं हमखास तिथंच मूठ आवळतात. आवाज तुटायला लागतो. एकदा तर सूत्रसंचालक स्पीकरच्या पुढं जाऊन उभा राहिला आणि अशी शिट्टी सुटली की मांडवातली कुत्री पळाली. बोलणारा स्पीकरच्या मागं, माईक तोंडाजवळ, एवढं पाळलं की शिट्टी नाही. दुसरा माईक मे महिन्यात बंद पडला. दुकानात नेला तर वॉरंटी फक्त डब्याला, माईकला नाही. हे बिलावर नव्हतं. तुम्ही घ्याल तेव्हा लिहून घ्या.

क्रिकेटला मात्र पैसे वसूल. कापणी झालेल्या भातशेतात टेनिस बॉलची हाफपीच स्पर्धा, आंब्याखाली टेबल, त्यावर हा डबा आणि कॉमेंट्रीला आमचा एक भाचा. मराठीत सुरुवात, खानापूरकडून आलेला संघ खेळायला उतरला की मधेच कन्नड, षटकार गेला की दोन्ही एकदम. हरवलेला बॉल, कुणाची तरी आडवी लावलेली मोटारसायकल, वडापाव संपल्याची सूचना, सगळं त्यातच. लोक सामन्यापेक्षा त्याला ऐकायला थांबले असं माझं मत आहे.

बॅटरी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची, शिसं-आम्लाची. हिशेब केला तर ८४ वॉट-तास. भाषण, कीर्तन मध्यम आवाजात चार-पाच तास आरामात निघतं. हळदीला पोरं नाचायला लागली आणि आवाज टोकाला गेला की दीड तासात डबा मान टाकतो. ही बॅटरी पार उतरवून तशीच ठेवली की आतल्या पट्ट्यांवर थर बसतो आणि ताकद कायमची जाते. लिथियमवाला संच हलका आणि जास्त टिकाऊ, पण तेवढी वर्गणी जमली नव्हती.

शिवजयंतीला, आमच्याकडे ती वैशाख शुद्ध द्वितीयेला असते, राजहंसगडावरून ज्योत आणताना टेम्पोत हा ठेवला होता. धुरळा आणि खड्डे दोन्ही सोसले. चाकांचं मात्र बोलू नका. ती दुकानाच्या फरशीसाठी आहेत. आमच्या जांभ्याच्या वाटेवर एक चाक पहिल्याच महिन्यात निखळलं. चौघांनी उचलूनच न्यायचा. आणि शेजारच्या गावच्या महालक्ष्मी यात्रेत हा नेला, तो काढायचीही वेळ आली नाही. देवीला नाचवायचा होन्नाट सुरू झाला, ढोल कडाडले, भंडाऱ्यानं आभाळ पिवळं झालं. तिथं साठ वॉट म्हणजे काय?

भाड्यानं मागणारे वाढलेत, त्यात होमस्टेवाले जास्त. आम्ही मंडळात ठरवलं, पाहुण्यांच्या पार्टीला द्यायचा नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद आणि वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, हे एक. दुसरं म्हणजे पलीकडं भीमगड अभयारण्य आहे. २०११ पासून ते अभयारण्य आहे आणि त्याच्या बारापेडे गुहांत जगात मोजक्याच ठिकाणी दिसणारं वटवाघूळ राहतं. आमच्याकडं फणसाच्या वासानं अस्वल येतं, त्याला रात्री अकराला गाणी ऐकवायची गरज नाही. होमस्टेवाला म्हणाला, “अहो, पैसे दुप्पट देतो की!” दिला नाही.

पावसाळ्यासाठी: डबा जमिनीवर ठेवू नका, वूफरच्या कागदी पडद्याला आमच्या हवेत बुरशी येते. माईकमधले सेल काढून ठेवा. बॅटरी महिन्यातून एकदा भरून घ्या. हे काम आमच्याकडे ज्याचं घर समाजमंदिराला लागून आहे त्याच्या गळ्यात पडलंय. त्यानं कालच विचारलं, गणपतीला दोन स्पीकर घेऊया का. मी म्हटलं, आधी माईक घेऊया.