पोटाच्या नोंदवहीचे आठ महिने

आयबीएसचे, म्हणजे वारंवार पोट दुखणे आणि शौचाची तक्रार होणाऱ्या आतड्याच्या विकाराचे, निदान झाल्यावर डॉक्टरांनी रोजची नोंद ठेवायला सांगितले. आधी मी मोबाइलमधले एक ॲप वापरले. पण त्याच्या यादीत कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी नव्हती, शेवभाजी नव्हती, आणि फौजदारी डाळीसाठी नुसती ‘डाळ’ लिहावी लागे. म्हणून तिसऱ्या आठवड्यात दोनशे पानी वही आणली.

वेळ, काय व किती खाल्ले, दुखणे 0 ते 10, शौचाचा प्रकार, झोप आणि ताण असे सहा रकाने आखले. शौचाच्या प्रकारासाठी ब्रिस्टल तक्ता घेतला. त्यात 1 म्हणजे सुट्या कडक गोळ्या आणि 7 म्हणजे पाण्यासारखे. ‘पोट बिघडले’ असे मोघम लिहिण्याऐवजी नुसता आकडा लिहायचा असल्याने डॉक्टरांसमोरचा माझा संकोच बराच कमी झाला.

घरी सर्वांचा संशय तिखटावर होता. तिखटाने अनेकांना त्रास होतो हे खरे, परंतु माझी वही वेगळेच सांगत होती. भुसावळच्या लग्नात दुपारी एक वाजता वरण-बट्टी जेवले; त्या दिवसाची नोंद अशी: रात्री आठला फुगारा, पहाटे 5.40 ला प्रकार 6, दुखणे 7. त्याच आठवड्यात हिरव्या मिरचीचे झणझणीत भरीत ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ले, त्यात लसूण नव्हता आणि कांद्याच्या पातीचा फक्त हिरवा भाग होता, तेव्हा दुखणे 2. गहू, कांदा आणि लसूण यांतील फ्रुक्टान हे कर्बोदक लहान आतड्यात पचत नाही; मोठ्या आतड्यातील जिवाणू ते आंबवतात आणि वायू होतो. फ्रुक्टान पाण्यात विरघळते, तेलात नाही; म्हणून आता लसूण तेलात परतून काढून टाकते आणि मगच फोडणीत पाणी घालते. आमच्या रावेरकडची केळी मात्र सोडावी लागली नाहीत, फक्त फार पिकलेली टाळते, कारण केळ पिकत जाते तसे त्यातील फ्रुक्टान वाढते.

पाळीचा रकाना मी सुरुवातीला आखलाच नव्हता, ही मोठी उणीव ठरली. तिसऱ्या महिन्यात तो जोडला आणि ज्या दिवसांचा दोष मी उडदाला देत होते, त्यांतील बरेच दिवस पाळीचे निघाले. प्रत्येक घासानंतर वही उघडण्याची सवयही वाईट; सतत पोटाकडे लक्ष राहिल्याने दुखणे अधिक जाणवू लागले, तेव्हापासून रात्री एकदाच लिहिते. बरे गेलेले दिवसही लिहावेत, नाहीतर तुलनेला काही उरत नाही.

ज्यांना शौचातून रक्त जाते, कारण नसताना वजन घटते किंवा दुखण्याने झोपेतून जाग येते, त्यांनी वहीवर विसंबून न राहता आधी तपासणी करून घ्यावी. आणि पदार्थ कायमचे वगळू नयेत. काही आठवड्यांनी एकेक परत घेऊन पाहावा, असे मला आहारतज्ज्ञांनी बजावले आहे. त्याप्रमाणे या आठवड्यात रोज अर्धी पोळी घेते आहे. दोन दिवस दुखणे 2 च्या आत आहे, तिसऱ्या दिवसाची नोंद आज रात्री होईल.