मेटॅलिकासाठी ॲमस्टरडॅम: दोन्ही रात्री बघाच

२०११ मध्ये बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर मेटॅलिका हा अमेरिकन हेवी मेटल बँड ऐकला, तेव्हापासून पुन्हा ऐकायचाच होता. एप्रिल २०२३ मध्ये त्यांचा ‘एम७२’ हा जगभरच्या कार्यक्रमांचा दौरा ॲमस्टरडॅमच्या योहान क्रायुफ अरेनातून सुरू झाला आणि मी पुण्याहून थेट तिथे. २७ आणि २९ तारखेचे दोन कार्यक्रम, एकही गाणं दुसऱ्यांदा नाही. पहिली रात्र ‘मास्टर ऑफ पपेट्स’वर संपली, दुसरी ‘एंटर सँडमन’वर. एकाच रात्रीचं तिकीट काढून परतलो असतो तर जिवाला चुटपूट लागली असती.

रंगमंच मैदानाच्या मधोमध, कड्यासारखा गोल, कड्याच्या आतही प्रेक्षक! ड्रम्स चार ठिकाणी मांडलेले. ड्रमर लार्स जागा बदलत वाजवतो. प्रेक्षक चहूबाजूंनी असल्यामुळे गायक हेटफिल्ड बराच वेळ पाठमोरा दिसतो, हे खरं. पण तो वळून आपल्या बाजूच्या माइकपाशी आला की अंगावर सरसरून काटा येतो. ‘ओरायन’ या शब्दांविना वाजवल्या जाणाऱ्या रचनेतला तो संथ बेसचा भाग सुरू झाला आणि मी ढसाढसा रडलो. बँडचा दिवंगत बेसवादक क्लिफ बर्टन याची आठवण आहे ती.

स्टेशन अरेनाला अगदी लागून, जाण्यायेण्याची चिंता नाही. व्हिसासाठी मात्र फार आधीपासून धावपळ करा.