मालवणातील स्कूबा प्रशिक्षण: आरोग्याचा अर्ज, ऑक्सिजन आणि माघारी वळलेली बोट

जानेवारीत मी आणि माझी सतरा वर्षांची भाची मालवणच्या एका केंद्रात चार दिवसांचा ओपन वॉटर डायव्हर अभ्यासक्रम पूर्ण करून बेळगावला परतलो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकांचा हात धरून त्यांना थोडा वेळ पाण्याखाली फिरवून आणणे वेगळे आणि जोडीदारासह स्वतःच्या जबाबदारीवर 18 मीटरपर्यंत उतरण्याची पात्रता मिळवणे वेगळे. हा अभिप्राय या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे. केंद्राच्या दोन चुका मी लिहिणार आहे आणि त्या त्यांनी आमच्यासमोर मान्य केल्या, म्हणून नाव देत नाही.

पहिली चूक कार्यालयातच झाली. पैसे भरून झाल्यावर आरोग्याची प्रश्नावली पुढे सरकवत तेथील कर्मचाऱ्याने सांगितले, "सगळीकडे 'नाही' लिहा, म्हणजे डॉक्टरांकडे हेलपाटे नकोत." भाचीला लहानपणी दम्याचा त्रास होता आणि तिने 'होय' लिहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रशिक्षकांनी प्रत्येकाला बाजूला घेऊन प्रश्नावलीतील एकेक ओळ वाचून दाखवली, शेवटचा पंप कधी घेतला होता ते भाचीला विचारले आणि डॉक्टरांचे लेखी प्रमाणपत्र आणल्याशिवाय तिला सरावाच्या पोहण्याच्या तलावातही उतरू दिले नाही. आमचा अर्धा दिवस त्यात गेला आणि तो जायलाच हवा होता, कारण आकसलेल्या श्वासनलिकेमागे अडकलेली हवा वर येताना प्रसरण पावते आणि फुप्फुसाला इजा करू शकते.

हे प्रसरण त्यांनी तलावात ज्या प्रकारे समजावले, ते मला अजून डोळ्यांसमोर दिसते. तळाशी, तीन मीटरवर, त्यांनी पाण्याच्या साध्या बाटलीत रेग्युलेटरची (सिलिंडरमधील हवा तोंडात पुरवणाऱ्या उपकरणाची) हवा भरली, झाकण घट्ट लावले आणि बाटली वर आणून भाचीच्या हातात दिली. बाटली दगडासारखी टणक झाली होती आणि झाकण सैल करताच फस्सकन हवा सुटली. समुद्रात 10 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे तेथे छातीत भरून घेतलेला श्वास रोखून वर आले तर काय होईल, हे कोणाला वेगळे सांगावे लागले नाही. मास्कमध्ये पाणी घेऊन ते नाकाने बाहेर काढण्याचा सराव मला चार वेळा जमला नाही. नाकात पाणी जाऊन मी घाबरून वर झेपावले, तेव्हा त्यांनी माझ्या जॅकेटचा पट्टा धरून मला सावकाश वर आणले आणि एवढेच म्हणाले, "घाई करू नकात, हवा भरपूर आसा."

तिसऱ्या दिवशी बोट किनाऱ्यापासून वीसेक मिनिटे आत गेल्यावर त्यांनी आपत्कालीन ऑक्सिजनची पेटी उघडली. सिलिंडर भरलेला होता, पण तोंडावर लावायचा मास्क कार्यालयातच राहिला होता. निघण्यापूर्वी पेटी तपासली गेली नाही, ही दुसरी चूक आणि ती लहान नाही. मात्र चौघे विद्यार्थी तयार होऊन बसलेले असताना त्यांनी बोट माघारी वळवली, मास्क आणला आणि उशीर झाल्यामुळे त्या दिवसाच्या दोन बुड्यांपैकी एकच घेतली. राहिलेली बुडी पूर्ण करण्यासाठी त्यांनी एक जादा दिवस दिला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. 24 मे 2022 रोजी तारकर्लीत स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटकांचा मृत्यू झाला होता. म्हणून जाता-येता लाइफ जॅकेट कोणाच्याही अंगावरून उतरू दिले जात नव्हते, याचीही नोंद येथे करते.

एका प्रशिक्षकाकडे समुद्रात आठ विद्यार्थी असू शकतात, असे पाडी (PADI) या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेचे मानक आहे. मालवणच्या पाण्यात चार-पाच मीटरपलीकडचे दिसेनासे होते, तेव्हा आठ फार होतात असे माझे स्पष्ट मत आहे. आम्ही चौघे होतो आणि सोबत एक साहाय्यक होता. प्रशिक्षकांच्या मनगटाला पांढरी पाटी बांधलेली होती. तीवर ते दर काही मिनिटांनी प्रत्येकाच्या आद्याक्षरापुढे पेन्सिलने त्याच्या सिलिंडरमध्ये उरलेल्या हवेचा दाब बारमध्ये लिहीत: 200, 140, 90. भाचीचा आकडा 70 वर आला तेव्हा मला अजून प्रवाळाभोवती फिरायचे होते, पण त्यांनी अंगठा वर केला आणि सगळेच वर निघालो. पाच मीटरवर तीन मिनिटे थांबूनही पृष्ठभागावर आलो तेव्हा प्रत्येकाकडे 50 बारच्या वर हवा शिल्लक होती.

शेवटची बुडी दुपारी दोनला संपली आणि संध्याकाळीच बेळगावला निघायचा आमचा बेत होता. त्यांनी रस्ता विचारला आणि आंबोलीचे नाव ऐकताच नको म्हणाले. लागोपाठच्या दिवसांत बुड्या घेतल्यावर शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे उंचीवरच्या कमी दाबात बुडबुडे होऊ शकतात, म्हणून विमानप्रवासापूर्वी किमान 18 तास थांबावे लागते, ते आम्हाला शिकवले होते. पण जवळपास 700 मीटर उंचीचा घाट चढणेही त्याच प्रकारात मोडते, हे आमच्या लक्षात आले नव्हते. आम्ही रात्री मालवणातच राहिलो.

पुढच्या टप्प्यासाठी नोव्हेंबरमध्ये भाचीचे नाव मी याच केंद्रात नोंदवले आहे. मात्र पैसे भरण्याआधी आरोग्याचा अर्ज घरी पाठवावा आणि ऑक्सिजनची पेटी धक्क्यावरच उघडून दाखवावी, असे मी त्यांना लेखी कळवले आणि त्यांनी ते मान्य केले आहे.