ओर्कासाठी कोणता आवाज घ्यावा?

परभणीतला माझा जुना लॅपटॉप, त्यावर डेबियन (लिनक्सची एक मोफत प्रणाली) आणि ओर्का, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर. रोजचा आवाज ईस्पीक एनजी या बोलणाऱ्या प्रोग्रामचा. गोड अजिबात नाही, पत्र्याच्या डब्यातून कुणी बोलावं तसा. बायको म्हणते, “अहो, हेडफोन लावा तरी!” पण कळ दाबली की अक्षर लगेच कानात, आणि वेग कितीही वाढवला तरी शब्द सुटे कळतात. मराठी त्यात आहेच, नेट लागत नाही. मोंढ्यातले सोयाबीनचे भाव मी त्यावरच ऐकतो.

फेस्टिवल या दुसऱ्या बोलणाऱ्या प्रोग्रामचा मराठी पुरुषी आवाज (पॅकेज: फेस्टवॉक्स-एमआर-एनएसके) निवांत वाचनाला बरा. टायपिंगला मात्र नको, मागं रेंगाळतो; शिवाय फेस्टिवलचा सर्व्हर वेगळा चालू ठेवा. ओर्का आणि आवाज यांना जोडणाऱ्या स्पीच डिस्पॅचरमुळं दोन्ही ठेवता येतात. बदलायचं असेल तर ओर्का की (इन्सर्ट किंवा कॅप्स लॉक) आणि स्पेस दाबून सेटिंग उघडा.